कारंज्याच्या फाट्यापर्यंत काही ठरवू नका

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र आलंय. थोडक्यात ते असं:

"वय २९, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे. येत्या मार्चमध्ये पाच वर्षं होतील. हातात ३४ हजार येतात, ९ हजार भाडं जातं. पत्नी घरीच ब्लाऊज शिवते, मुलगी तीन वर्षांची. गावी ६ एकर कोरडवाहू. बाबा ६१ वर्षांचे, आईचे गुडघे दुखतात. मित्राच्या ओळखीनं एका सोलर कंपनीत साइट सुपरवायझरचं काम मिळतंय. यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांत फिरावं लागेल, पगार २४ हजार, पेट्रोल वेगळं. दिवाळी झाल्यावर आठ दिवसांत त्यांना उत्तर द्यायचंय. घरभाडं वाचेल म्हणजे पैसे जवळपास तेवढेच राहतात. बाबा काही म्हणत नाहीत, फोनवर फक्त 'कवा निंगता गा?' एवढंच विचारतात. पत्नी म्हणते, तुम्ही ठरवाल ते. दिवाळीला गाडीनं गावी जातोय. रस्त्यात दहा-अकरा तास मिळतील, तेव्हा शांतपणे विचार करून ठरवावं म्हणतो. तुमचा सल्ला हवाय."

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य आधी घेतो. रस्त्यात ठरवू नका.

दिवाळीला गावाकडे निघालेल्या माणसाशी सगळा रस्ता गावाच्या बाजूनं बोलतो. मेहकर मागे पडलं की दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली दिसते, तुरी फुलावर आलेल्या असतात, आणि चाकणची शिफ्ट, ट्रॅफिक, पाण्याचा टँकर सगळं एकदम नकोसं होतं. परतताना तर आणखी कठीण. आई डिक्कीत तुरीच्या डाळीचं गाठोडं ठेवते, बाबा फाटकाशी उभे राहतात, हात हलवत नाहीत, नुसते उभे राहतात. जालना येईपर्यंत माणसाचा राजीनामा मनात लिहून झालेला असतो.

मी हे अनुभवानं सांगतोय. २००३ च्या दिवाळीत महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, दाराशी बसून, बडनेरा येईपर्यंत मी पुण्याची नोकरी सोडायचं ठरवून टाकलं होतं. गावाजवळ एका छोट्या फर्मनं तोंडी शब्द दिला होता, तेवढ्यावर. तीन महिने पगार झाला, चौथ्या महिन्यापासून थांबला. अक्षय तृतीयेला मी ओसरीवर बसलेलो होतो आणि येणारा-जाणारा विचारायचा, "काऊन गा, सुट्टी हाय काय?" माझ्या आईला त्या प्रश्नाचा माझ्यापेक्षा जास्त त्रास झाला. गावी परतायची इच्छा चुकीची नव्हती. कामाबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं, ती चूक होती.

म्हणून तुमच्या हातात आलेल्या कामाबद्दल बोलू. विदर्भात सध्या सोलरचं काम जोरात आहे, त्याचं मोठं कारण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सबस्टेशनच्या जवळपास छोटे-मोठे सौर प्रकल्प उभे राहतायत. सरकारी जमीन घेतात, नाहीतर शेतकऱ्याची जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्यानं घेतात. महावितरणबरोबरचा वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा असतो. '२५ वर्षं' ऐकलं की काम कायमचं वाटतं, आणि पोरं नेमकी इथेच फसतात. प्रकल्प २५ वर्षं चालतो, पण त्यातली बहुतेक माणसं तो उभारण्यापुरती लागतात. पाइल ठोकणं, स्ट्रक्चर उभं करणं, पॅनल बसवणं, केबल टाकणं हे काही महिन्यांचं काम. एक साइट संपली की ठेकेदार दुसरीकडे जातो. तो यवतमाळहून बीडला किंवा राजस्थानात गेला, तर तुम्ही जाणार का? मग गावाजवळ येण्याचा हेतूच राहत नाही. देखभालीला, म्हणजे ज्याला तिथले लोक ओ अँड एम म्हणतात, त्याला माणसं मोजकी लागतात, पण ती टिकतात.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: मला उभारणीत घेताय की देखभालीत? दुसरा: पगार कुणाच्या नावानं येणार, प्रकल्प ज्याचा आहे त्या कंपनीच्या की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या? ही दोन उत्तरं मित्राच्या तोंडून चालणार नाहीत. ऑफर लेटरवर हवीत, कंपनीच्या मेलवरून हवीत.

आणखी एक गोष्ट, ती तुम्हाला थोडी खटकेल. सोलर प्लांटचा जीव इलेक्ट्रिकल आहे. इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, स्ट्रिंगमधला, म्हणजे पॅनलच्या साखळीतला, दोष शोधणं, सबस्टेशनशी समन्वय. मेकॅनिकलवाल्याला स्ट्रक्चर आणि पॅनल धुण्याच्या टीमवर ठेवतात, आणि तिथून वर जाणं अवघड असतं. तुमच्याकडे पाच वर्षांची क्वालिटीची सवय आहे. मोजमाप, नोंदी, दोषाच्या मुळाशी जाणं. ती सवय तिथे फार उपयोगाची आहे, पण इलेक्ट्रिकल शिकायची तयारी हवी. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे, त्याची चौकशी करा. शिकायची ओढ वाटत नसेल, तर ही नोकरी तुम्ही फक्त तिच्या पत्त्यासाठी घेताय असं मी समजेन.

पैशांचा हिशोब तुम्ही घरभाड्यावर संपवलात. तो अजून बराच उरलाय. ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावर मिळतो, आणि तुमची पाच वर्षं मार्चला पूर्ण होतात. तुमचा मूळ पगार २० हजार धरला, तर २६ दिवसांच्या महिन्यातले १५ दिवस गुणिले पाच वर्षं, म्हणजे ५७ हजार ६९२ रुपये. चार महिने आधी निघालात तर या रकमेवर पाणी सोडावं लागू शकतं. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, नव्या नोकरीत वर्ग करून घ्या. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि हातात आलेला पैसा घरात कधी विरून जातो ते कळतही नाही. तिसरी गोष्ट आईच्या गुडघ्यांची. तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का? असतील, तर नोकरी सुटली की ते संरक्षणही जातं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल, तर आधी ते आणि नंतर राजीनामा, हाच क्रम मी धरेन. ब्लाऊजशिलाईचे पैसे तर तुमच्या हिशोबात कुठेच दिसले नाहीत.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो. चाकण-शिक्रापूर करत अहिल्यानगर गाठलं, नेवासा फाटा आणि कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला, की संभाजीनगरच्या अलीकडे वाळूज लागतं. दरवेळी तुम्ही तिथून जाता. वाळूजला १९८० च्या दशकापासून गाड्यांचा उद्योग आहे, त्याभोवती सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत, पलीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. तुमचंच काम, तुमच्याच अनुभवाला किंमत, आणि गाव निम्म्या अंतरावर. पूर्वी मी हा सल्ला दिला नसता, कारण संभाजीनगरहून दारव्ह्याला जायचं म्हणजे जवळपास एक दिवस मोडायचा. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि हे गणित बदललं. शनिवारी दुपारी वाळूजहून निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला गावात पोचू शकतो आणि रविवारी परतू शकतो. नागपूरजवळ बुटीबोरीची वसाहतही आहे. चाकण आणि गाव या दोनच टोकांमध्ये तुम्ही अडकलात, मधल्या ५०० किलोमीटरकडे पाहिलंच नाही. निघण्याआधी वाळूज, शेंद्रा आणि बुटीबोरीत तुमच्या कामाच्या जागा पाहून आठ-दहा ठिकाणी बायोडेटा टाकून ठेवा.

बाबांशी बोला, पण जेवताना नको, आणि पाहुण्यांसमोर तर नकोच. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू असेल. सकाळी त्यांच्याबरोबर वावरात जा, एखादं ओझं उचला, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले की विचारा. 'मी परत येऊ का?' असं विचारू नका. त्याला आपल्याकडचा बाप एकच उत्तर देतो: "तुले जसं वाटते तसं कर." 'पुढची पाच वर्षं हे वावर कसं करायचं?' असं विचारा. कदाचित दोन एकर ठोक्यानं द्यायचं त्यांच्या मनात आधीच असेल. कदाचित त्यांना तुम्ही नको असाल, वेचणीच्या दिवसांत मजूर मिळवून देणारा माणूस हवा असेल. ई-पीक पाहणी, कापूस विक्रीची नोंदणी, बँकेची कामं यांतलं बरंच तुम्ही दुरूनही करू शकता. आईला रात्री दवाखान्यात नेणं दुरून होत नाही. यातलं कोणतं काम खरं अडतंय, हे त्यांच्याच तोंडून कळू द्या. ऐकल्यावर हो-नाही काही म्हणू नका, तसेच घरी या.

दिवाळीच्या आठ दिवसांतलं गाव पाहूनही भुलू नका. सगळे आलेले असतात, अंगणात दिवे असतात. तुम्ही राहायला जाल ते गाव जानेवारीतल्या मंगळवारचं असेल. संक्रांतीच्या आसपास चार दिवस रजा काढून एकटे जा. कंपनीला विचारून त्यांच्या चालू साइटवर एक दिवस काढा. तिथल्या मुलांबरोबर डबा खा. पगार कितव्या तारखेला होतो, हे ते तुम्हाला खरं सांगतील.

पत्नीचं एकच वाक्य तुमच्या पत्रात आहे, 'तुम्ही ठरवाल ते'. मला त्याचा घोर लागलाय. माझ्यासमोर बसलेल्या अनेक जोडप्यांत हे वाक्य मी ऐकलंय, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मला कुणी विचारलं नाही' एवढाच निघाला. चाकणला त्यांनी गिऱ्हाइकं जोडलीत, मशीनवर स्वतःचे पैसे कमावतात. गावी त्या सून म्हणून जातील. मशीन कुठे ठेवणार, मुलगी कोणत्या शाळेत जाणार, तुम्ही आठवड्यातले तीन दिवस वाशीमच्या साइटवर असलात तर घरात काय होणार, हे त्यांच्या मनात नक्की आहे. हे बोलणं गाडीत काढू नका. मागे लेकरू झोपलेलं, तुमची नजर रस्त्यावर, आणि त्यांना तुमचा चेहरा दिसत नाही. निघायच्या दोन दिवस आधी, घरी, मुलगी झोपल्यावर बोला. त्या बोलायला लागल्या की मधे तोडू नका.

आणि गाडीबद्दल, कारण याची मला खरोखर काळजी आहे. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, त्यांत विदर्भातली कितीतरी होती. ज्याच्या डोक्यात नोकरीचं चक्र फिरतंय तो ड्रायव्हर अर्धा रस्त्यावर नसतो. रात्रपाळी करून तसेच निघू नका. आदल्या रात्री झोपा, पहाटे उजाडताना निघा, दर दोन तासांनी उतरून चाला. टायरची हवा आणि टायरचं वय दोन्ही पाहून घ्या. कंपनीच्या माणसाचा फोन आला तर वाजू द्या. समृद्धीवरून कारंज्याला खाली उतरलात की घर आलं असं वाटतं, आणि तिथेच जास्त जपायचं. त्या रस्त्यावर अंधारात रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात, आणि दिवाळीत कापसाच्या गाड्या मागचा दिवा नसलेल्या असतात. दिवस असतानाच तो टप्पा पार करा.

सोलर कंपनीला मात्र आजच एक मेल करा: देखभालीतली जागा आहे का, पगार कुणाच्या नावानं, लेखी ऑफर कधी मिळेल, आणि रुजू होण्याची तारीख मार्चनंतरची चालेल का. ज्यांना तुम्ही खरंच हवे आहात ते थांबतील, निदान बोलतील. लेखी उत्तराशिवाय चाकणला राजीनामा द्यायचा नाही.

परत आलात की मला लिहा. बाबा धुऱ्यावर काय म्हणाले ते लिहा. आणि शक्य असेल तर त्या पत्राचं एक पान पत्नीनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असू द्या.