भिंत पडली, घरकुल आलं आणि नोटीसही

प्रश्न : थाळनेरला तापीकाठी आमचं जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे. पावसात मागची भिंत बसली. घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता जमा आहे. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन पायाचे चार खड्डे खणले, तर पुरातत्त्व खात्याची नोटीस आली. फारुकी सुलतानांच्या थडग्यापासून टेपने ११५ मीटर भरतात. मग शंभर मीटरचा नियम आम्हाला कसा?

उत्तर : भाऊ, काम आजच थांबवा. आणि उभ्या घरातला एक खांबसुद्धा काढू नका, तुमचा हक्क त्या उभ्या घरावरच टिकून आहे.

११५ मीटर तुम्ही थडग्याच्या भिंतीपासून मोजलेत. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली आलेल्या कलम २०-ए प्रमाणे बांधकामबंदीचे शंभर मीटर धरायचे ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे हद्दीचा नकाशा आणि तुमच्या समक्ष मोजणी लेखी मागा.

घर शंभरच्या बाहेर निघालं, तर पुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र. तिथे पाडून नवं बांधणंही परवानगीने होऊ शकतं. आत निघालं, तर नवं बांधकाम नाही आणि जुन्याच पायावर पुन्हा बांधणंही नाही. फक्त दुरुस्ती, तीही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल तर. लोक इथेच फसतात. एक भिंत पडली म्हणून सगळं घर उतरवतात, मग दुरुस्ती करायला घरच उरत नाही.

घराचं वय दाखवायला १९९२ च्या आधीचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या कर-आकारणीचा) उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुनं वीजबिल शोधा. पडलेल्या भिंतीचा तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीवर करा. सक्षम प्राधिकाऱ्याने (या परवानग्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने) तो पंधरा दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत द्यायचं, त्यानंतर महिन्याभरात निर्णय. अर्जात नेमकं लिहा : मागची भिंत त्याच जागी, तेवढ्याच जाडी-उंचीची, धाबं पूर्ववत. घरकुलाचा स्लॅबचा नकाशा जोडलात, तर अर्ज दुरुस्तीचा राहत नाही, नवीन बांधकामाचा होतो.

नोटिशीला दिलेल्या मुदतीत रजिस्टर पोस्टाने उत्तर द्या. खड्डे कधी खणले आणि काम कधी थांबवलं, दोन्ही तारखा खऱ्या लिहा. ग्रामपंचायतीची परवानगी जोडा; तिने या कायद्याची परवानगी भरून निघत नाही, पण तुम्ही चोरून काम केलं नाही एवढं दिसतं. या कलमांखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तेव्हा उत्तर वकिलाला दाखवूनच पाठवा.

घरकुलाच्या पैशाला मोजणी होईपर्यंत हात लावू नका. घर शंभराच्या आत निघालं, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे जागा बदलून मिळण्याचा अर्ज नोटिशीच्या प्रतीसह द्या आणि पोच घ्या. हप्ते जागेच्या जिओटॅग फोटोंवर सुटतात, त्यामुळे जागा बदलायची ती पुढचा फोटो चढण्याआधी.