कुंडीतल्या सगळ्या झाडांना एकच गांडूळखत चालेल का?

गांडूळखताची एकच गोणी आणून गुलाब, मोगरा, जास्वंद, अनंत आणि अडेनियमला घालावी का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या तिघांना खुशाल घाला. अनंताला जपून, अडेनियमला नावापुरतंच.

पण आधी खत पुरतं कुजलंय का ते बघा. मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीसारखा वास आला तर वापरा. आंबूस किंवा नाकाला झोंबणारा आला तर महिना-दीड महिना सावलीत ओलसर ठेवून कुजू द्या. कच्चं खत कुंडीत तापतं, कोवळी मुळं भाजतात. कच्च्या शेणखतातून हुमणीही (मुळं कुरतडणारी पांढरी अळी) येते.

गुलाब खादाड आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर 12 इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड, पुढे दर दीड महिन्याने निम्मं. वरची इंचभर माती उकरून मिसळा, खोडापासून चार बोटं लांब. मोगऱ्यालाही हेच प्रमाण, फक्त जानेवारीच्या छाटणीनंतर. जास्वंदाला बोनमील (हाडांचा चुरा) ओतायची पद्धत मला पटत नाही. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) फार झालं की त्याला लोह घेता येत नाही. कळ्या येत नसतील तर आधी ऊन बघा. चार तासांपेक्षा कमी असेल तर खत वाढवून पानंच वाढतात.

अनंताचं दुखणं वेगळं. त्याला आम्लधर्मी माती लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे गांडूळखत वाढवून काही होत नाही. कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत द्या. राख, चुना, बोनमील अजिबात नको. लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. शक्य तेव्हा पावसाचं पाणी घाला.

अडेनियमसाठी जाड वाळू आणि विटांचा चुरा जास्त, खत दहात एक भाग. पावसाळ्यात तेही बंद, नाहीतर बुंधा मऊ पडून सडतो.

आणि कुठलीही नवी कुंडी भरताना खत एकतृतीयांशाच्या वर नेऊ नका. ते कुजत जातं, माती खाली बसते आणि जुलैत पाणी तुंबतं.