आरपीएफ की लोहमार्ग पोलीस? पोच नको, एफआयआरची प्रत मागा

धावत्या गाडीत लॅपटॉपची बॅग चोरीला गेली, आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) हे प्रकरण आपल्याकडे येत नसल्याचे सांगितले आणि लोहमार्ग पोलिसांनी 'हद्द आमची नाही' म्हणून परत पाठवले, हे तुमचे वाचून माझा जुना मनस्ताप जागा झाला.

आरपीएफचे म्हणणे चुकीचे नाही. 1957 च्या कायद्याने उभे राहिलेले हे केंद्राचे दल रेल्वेच्या स्वतःच्या मालमत्तेची चोरी 1966 च्या कायद्याखाली तपासते, आणि विनाकारण साखळी ओढणे किंवा महिलांच्या डब्यात शिरणे अशा रेल्वे अधिनियमातील गुन्ह्यांतही त्यांना अटक करता येते. प्रवाशाच्या सामानाच्या चोरीचा गुन्हा नोंदवणे व तपासणे मात्र राज्य सरकारच्या लोहमार्ग पोलिसांचे काम आहे. आरपीएफने चोर पकडला तरी त्याला पोलिसांच्याच स्वाधीन करावे लागते.

हद्दीची सबब मात्र मुळीच मान्य करू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र (पोलीस थेट तपास करू शकतात असा) गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा असतो.

माझे खरे नुकसान चोराने कमी आणि एका ठाण्याने जास्त केले. ठाणे अंमलदारांनी माझ्या तक्रारअर्जावर शिक्का मारला, 'हाच तुमचा एफआयआर' असे सांगितले आणि मला गाडीत बसवून दिले. विमा कंपनीने तो कागद नाकारला, आणि खरा गुन्हा नोंदवून घेईपर्यंत दाव्याची मुदतही संपून गेली. नोंद झालेल्या गुन्ह्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून अशी पोच हातात ठेवली जाते, असे माझे ठाम मत आहे. संकटात सापडलेल्या प्रवाशाची अशी बोळवण करणे मला अक्षम्य वाटते. गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलमे असलेली, सहीशिक्क्याची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे. ती नाकारली तर हकिकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, मुंबईत लोहमार्ग पोलीस आयुक्तांकडे पाठवा. तेथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी वकील नाही, त्यामुळे तो अर्ज जाणकाराकडूनच लिहून घ्या.

रेल्वेकडून भरपाईची आशा मात्र बेताचीच ठेवा, कारण सोबत नेलेल्या सामानासाठी रेल्वे अधिनियमाच्या कलम 100 खाली रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. स्थानकावरील सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती आजच द्या. जुने चित्रण काही काळाने पुसले जाते.