ग्रँडडॅडचं पान

प्रिय बाळा,

रविवारी ग्रॅनीकडून परत येताना तू गाडीत विचारलंस, "आई, तू भाद्रपदात कावळ्यासाठी पान वाढून ठेवतेस ना, त्यात या वर्षी ग्रँडडॅडचं पान असेल? आणि आजोबांच्या वेळी तुम्ही तीन नावं घेता. ग्रँडडॅडच्या बाबांचं, आजोबांचं नाव तुला माहीत आहे?"

मी तेव्हा गप्प बसले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, दुसऱ्याचं जेमतेम अर्धं. म्हणून आज सावकाश लिहितेय, आणि मराठीत लिहितेय, कारण आता तुला ते वाचता येतं.

आपल्या मालवणकडे या पानाला म्हाळाचं पान म्हणतात. मूळ शब्द महालय. भाद्रपदातला वद्य पक्ष, पौर्णिमेनंतरचे पंधरा दिवस, हा गेलेल्या माणसांचा. त्या दिवसांत आजी पहाटे उठून वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी आणि खीर करायची. आधी केळीच्या पानावर वाढून ते परसात ठेवायचं, मग कावळ्याला हाक मारायची. त्याने घास घेतला की घरातली माणसं जेवायला बसायची. लहानपणी मला कडकडून भूक लागलेली असायची आणि तो कावळा समोरच्या माडावर बसून नुसता मान वळवायचा. अशा वेळी आजोबा हात जोडून उभे राहायचे आणि गेलेल्यांना काहीतरी सांगायचे, "काय चुकलं असेल तर पोटात घाला" असं. तेव्हा मला वाटायचं, हे खरंच कुणाशी तरी बोलतायत.

त्या आधी नावं घ्यायची. वडील, आजोबा, पणजोबा. गोत्र आणि नाव, तिघांचंही. आईकडच्या तिघांचंही घेतात. माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी त्याला म्हाळात घेत नाहीत, वर्षश्राद्ध होऊन जावं लागतं. ग्रँडडॅड गेल्या वर्षी मे महिन्यात गेले, वर्ष सरलं. तरीही मी आजीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, सासरा तर म्हाळाच्या यादीतच असतो. सासरा, गुरू, मित्र, सगळे असतात. तू विचारतेस काय?"

पण आजीला विचारून भागणार नव्हतं. ग्रँडडॅड जमैकाचे, चर्चला जाणारे होते, बायबल वाचल्याशिवाय झोपत नसत. आपल्या रीतीत त्यांना न विचारता ओढणं मला बरं वाटेना, म्हणून मी ग्रॅनीला विचारलं. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "नाइन नाइटला आपणही त्यांचं ताट ठेवलं होतं. ठेव."

ती नाइन नाइट तुला आठवत असेल. घर माणसांनी भरलेलं, स्वयंपाकघरात तळलेले मासे आणि हार्ड डो ब्रेड, बोकडाची करी, अंगणात डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज, आतल्या खोलीत बायकांची प्रार्थनागीतं. एका कोपऱ्यात झाकून ठेवलेलं ताट. त्याला कुणी हात लावायचा नाही. जमैकात समजूत अशी, की माणूस गेल्यावर नऊ रात्री तो घरातच वावरतो आणि नवव्या रात्री त्याला जेवूखावू घालून, गाऊन-वाजवून निरोप द्यायचा. त्यांची नववी रात्र आणि आपला दहावा दिवस. मी त्या ताटाकडे बघत उभी होते आणि मला आमच्या परसातलं केळीचं पान दिसत होतं. ही रीत त्यांच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून आणली. बरोबर दुसरं काही आणू दिलं नव्हतं त्यांना. बोकडाची करी मात्र आपल्याकडून गेली. १० मे १८४५ ला 'मेडस्टोन' नावाचं जहाज हिंदुस्थानातले मजूर घेऊन जमैकाला लागलं, आणि १९१७ पर्यंत असे सुमारे ३६,००० लोक तिथे उसाच्या मळ्यांत गेले. बहुतेक उत्तरेकडचे होते. हळद त्यांच्याबरोबर गेली.

आणि दफनाचा दिवस. बाबा, काका आणि ग्रँडडॅडच्या चर्चमधले म्हातारे लोक, सगळ्यांनी कोट काढून ठेवले आणि फावडी हातात घेतली. कबर त्यांनी स्वतः भरली, पूर्ण, माती चोपून वर फुलं ठेवेपर्यंत. बायका गातच होत्या. बाबाच्या तळहाताला फोड आले होते. तूही वाकून मूठभर माती टाकलीस. मराठीत त्याला मूठमाती देणं म्हणतात. आता लोक एखादी योजना बारगळली तरी तिला मूठमाती दिली म्हणतात, आणि मूळ अर्थ मागे पडला. गावाकडे अजून अंत्यसंस्काराला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात. त्या दिवशी तू मातीला गेली होतीस.

आता ग्रँडडॅडबद्दल. तू त्यांना म्हातारं झालेलंच पाहिलंस, खुर्चीतले, टोपीवाले. मला ते जसे कळले तसे सांगते.

ते जमैकातल्या क्लॅरंडन परगण्याचे. उसाचा मुलूख. १९६१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, बोटीने साउदॅम्प्टनला उतरले आणि रेल्वेने बर्मिंगहॅमला आले. तेव्हा घाई होती सगळ्यांना, कारण येणाऱ्यांवर बंधनं घालणारा कायदा होणार हे दिसत होतं. तो झालाच, १ जुलै १९६२ पासून लागू झाला. त्यानंतर सव्वा महिन्यातच, ६ ऑगस्टला, जमैका स्वतंत्र झाला. ग्रँडडॅड म्हणायचे, "माझा देश स्वतंत्र झाला तेव्हा मी रात्रपाळीला होतो."

रात्रपाळी स्मेदिकजवळच्या ओतकामाच्या कारखान्यात होती. एका खोलीत पाच जण राहायचे. रात्रपाळीवाले सकाळी परत आले की दिवसपाळीवाल्यांच्या अंथरुणात झोपायचे, ते अजून गरम असायचं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांना माझ्या आजोबांबद्दल सांगितलं, तुझ्या पणजोबांबद्दल. मालवणहून मुंबईला आलेले चाकरमानी, गिरणीत कामाला. गावकऱ्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. पगार झाला की पहिली मनीऑर्डर गावी. ग्रँडडॅड पहिलं पाकीट क्लॅरंडनला आईला पाठवायचे, नंतर पिंपं पाठवायला लागले, तांदूळ, साबण, कपडे, शाळेचे बूट भरून. मी 'चाकरमानी' हा शब्द त्यांना शिकवला. त्यांना तो आवडला. दोनदा म्हणून बघितला.

भाड्याने खोली देणाऱ्यांच्या खिडकीत तेव्हा उघड पाट्या असायच्या, काळ्या माणसांनी विचारू नये अशा. घर आणि नोकरी नाकारणं कायद्याने बंद व्हायला १९६८ उजाडलं. ग्रँडडॅडनी एकदा एका घराची बेल वाजवली तेव्हा खोली रिकामी होती, दार उघडल्यावर ती भरली. एवढंच सांगायचे, पुढे काही नाही. मी कधी जास्त विचारलं नाही, आणि आता वाटतं विचारायला हवं होतं.

बँका कर्ज द्यायला तयार नसत, मग घर कसं घेतलं? भिशी लावून! जमैकन लोक तिला पार्डनर म्हणतात. दर आठवड्याला ठरलेली रक्कम एका विश्वासू माणसाकडे टाकायची, आणि दर आठवड्याला एकाने सगळी उचलायची. आपल्या आजीची भिशी अगदी अशीच चालते, फक्त महिन्याची. हॅन्ड्सवर्थचं घर, ज्याच्या जिन्यावर तू बसून खाली घसरतेस, त्याची पहिली रक्कम ग्रँडडॅडच्या पार्डनरच्या पाळीतून आली. नंतर कितीतरी वर्षं लोकांचे पैसे ते स्वतः सांभाळायचे. वहीत नावं, रकमा, तारखा. कुणाचा एक शिलिंग इकडचा तिकडे झाला नाही, हे ग्रॅनी आजही अभिमानाने सांगते. आणि तो बिस्किटांचा डबा, कपाटावरचा, ज्यात त्यांनी पगाराच्या पावत्यांपासून भाड्याच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळे कागद ठेवले होते. बाबाला त्याचं नवल वाटायचं. मग २०१८ मध्ये उघड झालं, की त्यांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना, पन्नास-पन्नास वर्षं इथे राहिलेल्यांना, कागद नाहीत म्हणून बाहेरचं ठरवलं गेलं होतं. सरकारला माफी मागावी लागली. त्या आठवड्यात बाबाने डबा खाली काढून एकेक कागद पाहिला, आणि परत तसाच रचून ठेवला.

माझी आणि त्यांची मैत्री कशी झाली माहीत आहे? मी पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा ते गॅसवर काहीतरी काळं होईपर्यंत भाजत होते. वास ओळखीचा. साल काढल्यावर आतून पिवळसर पांढरं, आणि मी मोठ्याने म्हटलं, "नीरफणस!" ते म्हणाले, ब्रेडफ्रूट. १७९३ मध्ये कॅप्टन ब्लायने ताहितीहून ती झाडं जमैकात आणली, गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून. आमच्या मालवणात नीरफणसाचं झाड परसात असतं. पुढच्या वेळी मी सोहो रोडवरून एक घेऊन गेले. हळद, तिखट, मीठ लावून, रव्यात घोळवून काप तळले. त्यांनी एक खाल्लं, मग ताटच पुढे ओढलं. त्यानंतर मी त्यांना 'मिस्टर' म्हणायचं सोडून डॅडी म्हणायला लागले.

आता नावांचं. म्हाळाला बाबाची तीन नावं म्हणजे ग्रँडडॅड, त्यांचे वडील आणि त्यांचे आजोबा. पहिली दोन आपल्याला माहीत आहेत, दाखल्यांवर आहेत. तिसऱ्याला अडतं. जमैकात जन्माची सरकारी नोंद १८७८ पासून सुरू झाली आणि ते त्याच्या आधीचे. ग्रँडडॅड त्यांना फक्त हाक मारायच्या नावाने ओळखत, पुढे 'मास' लावून. आपल्याकडे राव किंवा तात्या लावतात तसं. कागदावरचं नाव त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यांच्याही मागे गेलं तर बाळा, तू शाळेत शिकलीस तो काळ येतो. १ ऑगस्ट १८३४ ला कायद्याने गुलामगिरी संपली, पण आणखी चार वर्षं 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडे राबावं लागलं. पूर्ण सुटका १ ऑगस्ट १८३८ ला. एकट्या जमैकात तीन लाखांवर माणसं होती. २ कोटी पौंड भरपाई दिली गेली, सगळी मालकांना. लंडनला क्यूच्या अभिलेखागारात १८१७ पासूनच्या नोंदवह्या आहेत. त्यात नाव आहे, वय आहे, आफ्रिकेत जन्मला की बेटावर हे आहे. आडनाव बहुतेकदा नाही. बापाचं नाव नाही. कधी आईचं असतं. बाबाने आणि मी त्या वह्यांची पानं संगणकावर खूप रात्री पाहिली. आपलं आडनाव तिथे मालकांच्या रकान्यात सापडलं. खाली नुसती पहिली नावं, पानंच्या पानं. त्यातलं आपलं कोण ते कळायला मार्ग नाही. बाबा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

आपल्याकडे तुझ्या नावामागे बाबाचं नाव आहे, त्याच्यामागे मराठी पद्धतीने ग्रँडडॅडचं येईल. आम्ही हे इतकं सहज करतो की नाव विचारलं की बापाचं आपोआप तोंडात येतं. ज्यांच्या नावामागचं नाव कुणीतरी काढून घेतलं, त्यांच्यासमोर मला हे फार मोठं धन वाटतं.

गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. तिथी माहीत नसेल तर शेवटच्या दिवशी, सर्वपित्री अमावास्येला. आणि तर्पणात एक मागणं असं आहे, की ज्यांना ना आई, ना बाप, ना भाऊबंद, ते सगळे या पाण्याने तृप्त होवोत. आजोबा म्हणायचे तेव्हा ते मला ओळींतली एक ओळ वाटायची. या वर्षी ती बाबा म्हणेल, मी त्याला देवनागरी रोमनमध्ये उतरवून देणार नाही, तू त्याच्या शेजारी उभी राहून सांग. नावंही तूच घे. मुलींनी घेऊ नयेत असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

पानावर काय, तेही ठरलंय. नीरफणसाचे काप, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि ग्रॅनीच्या हातचा राइस अँड पीज, नारळाच्या दुधातला. पान मागच्या अंगणात भिंतीवर ठेवू. तिथे कावळे येतात, मॅगपाय आधी आला तर हाकलू नकोस.

तिसऱ्या नावासाठी एक वाट उरली आहे. ग्रँडडॅडची थोरली बहीण क्लॅरंडनमधल्या मे पेन गावी आहे, नव्वदीची. त्या आजोबांच्या, ज्यांचं नाव अडलंय त्यांच्या मांडीवर ती बसलेली आहे. शनिवारी ग्रॅनीच्या घरून तिला फोन करायचा आहे, चारनंतर, तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजतात आणि तिला नीट ऐकू येतं. वही-पेन तू घे. नाव सांगितलं की स्पेलिंग दोनदा विचार, आणि त्यांच्या आईचंही विचार.

तुझी,
आई