वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्रनचा मॉल नेमका कोणी बुडवला?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात राहते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी अ‍ॅमेझॉनचे एक अवाढव्य गोदाम दाखवले आणि तेथे पूर्वी मोठा बंदिस्त मॉल होता, असे सांगितले. ऑनलाइन खरेदीने मॉल बुडवला आणि बुडवणाऱ्यानेच त्याची जागा घेतली, असे समजावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रोमिग रोडवरचा तो मॉल म्हणजे रोलिंग एकर्स. २०२० पासून त्या जागेवर अ‍ॅमेझॉनचे गोदाम आहे, हेही खरे. मात्र ही कथा कितीही चटकदार वाटली तरी सनावळीशी तिचा मेळ बसत नाही. मॉलचा मधला, दुकानांच्या रांगांचा भाग २००८ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाला, आणि त्या वर्षी अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइन खरेदीचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी होता. भरभराटीच्या काळात १४० हून अधिक दुकाने असलेला मॉल तेवढ्याने ओस पडत नाही. त्याच्या ऱ्हासाची कारणे जुनी आहेत आणि त्यांतली बरीचशी तो उघडला त्याच दिवशी हजर होती.

अ‍ॅक्रन हे टायरचे गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच आणि जनरल टायर या कंपन्या तेथेच वाढल्या. पुढे रेडियल, म्हणजे वेगळ्या बांधणीचे अधिक टिकाऊ टायर आले, जुन्या कारखान्यांत ते बनवणे परवडेना, उत्पादन दक्षिणेकडच्या राज्यांत गेले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारींच्या टायरचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन या गावातून उठले. १९६० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार होती, १९८० मध्ये ती २ लाख ३७ हजारांवर आली आणि २०१० च्या जनगणनेत २ लाखांच्याही खाली गेली. म्हणजे ऑगस्ट १९७५ मध्ये रोलिंग एकर्सची दारे उघडली, तेव्हा गिऱ्हाईक आधीच घटू लागले होते. त्यातच अ‍ॅक्रन परिसरात समिट मॉल १९६५ मध्ये आणि चॅपल हिल मॉल १९६७ मध्ये उभा राहिलेला होता. आटणाऱ्या गिऱ्हाइकावर तीन बंदिस्त मॉल पोसले जातील, असा हिशेब कोणी आणि कसा मांडला, याचे आजही नवल वाटते.

पहिली काही वर्षे तो हिशेब बरोबर ठरल्यासारखे दिसले, कारण मॉलला तोवर दुसऱ्याच्या ताटातले मिळत होते. अ‍ॅक्रनच्या जुन्या बाजारपेठेत, मेन स्ट्रीटवर, ओ'नील्स आणि पोल्स्कीज ही दोन बहुमजली दुकाने समोरासमोर होती. पोल्स्कीज १९७८ मध्ये बंद झाले. ओ'नील्सने रोलिंग एकर्समध्ये आपली शाखा थाटली आणि मेन स्ट्रीटवरचे मूळ दुकान १९८९ मध्ये मिटले. आज मॉलच्या आठवणीने हळहळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे आठवते, की मॉलनेही आधी एक बाजारपेठ रिकामी केली होती.

पुढे तीच पाळी मॉलवर आली. महामार्गालगत मॉन्ट्रोज भागात मोठमोठी सुटी दुकाने उभी राहिली. गाडी दाराशी लावावी, हवे ते घ्यावे आणि निघावे, ही सोय लोकांना आवडली. लांबलचक वातानुकूलित दालनातून फेरफटका मारण्याची हौस ओसरली. शहराची जी पश्चिम बाजू सधन होती, तिला समिट मॉल जवळ पडत असे, आणि तो आजही चालू आहे. रोलिंग एकर्सच्या वाट्याला आलेला नैऋत्येकडचा भाग मात्र कारखान्यांवर जगणाऱ्यांचा होता. तिघांपैकी नेमका हाच आधी का बुडाला, याचे उत्तर माझ्या मते इंटरनेटपेक्षा नकाशात अधिक सापडते.

प्रश्न : मॉल बंद झाल्यावरही त्यातली दोन मोठी दुकाने काही वर्षे सुरू होती, असे कळले. इमारत बंद आणि दुकान चालू, हे कसे शक्य होते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अमेरिकेतील बंदिस्त मॉलचा सारा व्यवहारच यात दडलेला आहे. मॉलच्या टोकांना सीअर्स, जेसी पेनी यांसारखी जी अवाढव्य दुकाने असतात, त्यांच्या ओढीने गर्दी येते. म्हणून त्यांना जागा नाममात्र भाड्याने दिली जाते, किंवा इमारतीचा आपला भाग आणि त्यापुढचा वाहनतळ त्यांच्याच मालकीचा असतो. मॉलमालकाचे उत्पन्न येते ते मधल्या लहान गाळ्यांकडून, आणि चौरस फुटामागे त्यांचे भाडे मोठ्या दुकानाच्या कितीतरी पट असते. हे गाळेधारकही काही भाबडे नसतात. मोठे दुकान उठले तर आमचे भाडे कमी होईल किंवा आम्हाला करार मोडता येईल, असे कलम ते पुष्कळदा घालून घेतात. एक मोठे दुकान गेले की गर्दी घटते, त्याच वेळी उरलेल्यांचे भाडे उतरते, मालकाकडे दिवाबत्ती, छप्पर आणि पहारा यांवर खर्चायला पैसे राहत नाहीत, आणि इमारतीची रया गेलेली पाहून पुढचे दुकान निघते. दहा वर्षे रेंगाळलेली घसरण शेवटच्या दोन वर्षांत एवढा वेग घेते, ती या कलमांमुळे.

रोलिंग एकर्समध्ये हेच घडले. मधला भाग २००८ मध्ये बंद झाल्यावर सीअर्स आणि जेसी पेनी यांचे आतून दालनाकडे उघडणारे दरवाजे बंद राहिले आणि गिऱ्हाईक फक्त बाहेरच्या, वाहनतळाकडच्या दाराने येऊ लागले. सीअर्स २०११ पर्यंत चालले आणि जेसी पेनीचे स्वस्त मालाचे दुकान २०१३ पर्यंत. या दुकानांच्या भिंतीपलीकडे छताच्या काचा फुटल्या होत्या आणि हिवाळ्यात बंद पडलेल्या सरकत्या जिन्यांवर बर्फ साचत होता; त्याची छायाचित्रे पुढे जगभर फिरली. तांब्याच्या तारांसाठी आत चोर शिरत, आणि २०११ मध्ये त्यांपैकी एकाचा विजेच्या धक्क्याने मृत्यूही झाला. कराच्या थकबाकीपोटी जप्ती होऊन २०१६ मध्ये मालमत्ता शहराकडे आली आणि पाडकाम सुरू झाले. इतकी वर्षे ती जागा तशीच पडून राहण्याचे एक मोठे कारण तिची अनेकांत विभागलेली मालकी हेही होते.

प्रश्न : गिऱ्हाईक नसताना इतके मॉल बांधले तरी कशासाठी? (याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : काही अंशी आयकरासाठी. १९५४ मध्ये अमेरिकेने व्यापारी इमारतींवरचा घसारा, म्हणजे इमारत जुनी होत जाते म्हणून हिशेबात धरली जाणारी तिच्या किमतीतली घट, पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणावर उत्पन्नातून वजा करण्याची मुभा दिली. त्यामुळे मॉल नफ्यात चालत असतानाही कागदोपत्री तोटा दाखवता येई, तो अन्य उत्पन्नातून वळता होई, आणि घसाऱ्याचा लाभ संपत आला की इमारत विकून दुसरीकडे नवी बांधली जाई. जुन्या इमारतीची डागडुजी करण्यापेक्षा शहराबाहेरचे शेत घेऊन नवी बांधणे फायद्याचे ठरू लागले. १९८६ च्या करसुधारणेने ही वाट बरीचशी बुजवली, पण तोवर गरजेपेक्षा जास्त मॉल उभे राहिले होते.

ज्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाने १९५६ मध्ये मिनेसोटा राज्यातील एडायना येथे साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, त्याच्या मनात वेगळेच काही होते. हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस, १९३८ मध्ये नाझींमुळे देश सोडून आलेला. मॉलभोवती घरे, शाळा, दवाखाने आणि उद्यान असावे, मोटारीवर अवलंबून असलेल्या उपनगराला एक चौक मिळावा, अशी त्याची योजना होती. मॉल तेवढा झाला. बाकीच्या जागेत गाड्या उभ्या राहिल्या. उतारवयात त्याने जाहीरपणे या मॉलांचे जनकत्व नाकारले.

प्रश्न : आपल्याकडील मॉलही याच वाटेने जातील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काही गेलेच आहेत, पण त्यांची वाट निराळी आहे. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या पाहणीत २०२३ मध्ये देशातील आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेले ६४ मॉल आढळले. आपल्याकडे शहरे आकसत नाहीत, तेव्हा अ‍ॅक्रनचे पहिले कारण येथे लागू होत नाही. आपले दुखणे बहुतेकदा मालकीत असते. बांधकाम व्यावसायिकाने गाळे सुटे सुटे विकून पैसे मोकळे केले, की कोणत्या मजल्यावर कोणते दुकान असावे, हे ठरवणारा कोणी उरत नाही. मग कपड्यांच्या दुकानाशेजारी कुलूपबंद गाळा, त्यापलीकडे शिकवणीवर्ग, आणि सरकता जिना कोणी दुरुस्त करायचा यावर वाद. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये उघडलेल्या क्रॉसरोड्समध्ये तर सुरुवातीला बघ्यांची एवढी झुंबड उडाली, की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच आत सोडण्याचा नियम काढावा लागला होता. पुढे त्याचे मालक आणि नाव दोन्ही बदलले, तरी ती गर्दी परत आली नाही. जे मॉल एकाच मालकाच्या हाती आहेत आणि जेथे गाळे विकले न जाता भाड्याने दिले जातात, ते महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत आजही चांगले चालतात. तेव्हा ठाण्यातील एखाद्या मॉलमध्ये गाळा घ्यायचा आपला विचार असेल, तर तेथील गर्दी पाहण्याआधी उरलेले गाळे कोणाकोणाच्या नावावर आहेत, याची चौकशी अवश्य करावी.