किल्ली कुणाच्या हाती?

प्रश्न : हळदीच्या अडतीत मी सहा जणांचं काम बघते. प्रत्येक काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, स्वतः तपासते, घरी गेल्यावरही मोबाइलवर कॅमेरा बघत बसते. तरी चुका होतातच. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी घरून कॅमेरा बघणं थांबवा. मिरजेला कारखान्यात फोरमन असताना मीही स्टोअरची किल्ली कुणाला देत नसे. एकदा तापाने आठ दिवस घरी पडलो, किल्ली एका हेल्परकडे गेली. परतलो तर बेअरिंगं मापाप्रमाणे लावलेली, आणि दोन तुटलेल्या नगांची नोंद त्याने स्वतःहून केलेली. माझ्यापुढे कुणी तुटकं कबूलच करत नसे!

आपल्याच जिल्ह्यात, १९१०मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीचे पहारेकरी नेमलं होतं. विचार करा, पहारेकरी!

काटापट्टी एकाकडे सोपवा, सहीही त्याचीच. रोखीचा ताळा मात्र रोज दोघांनी मिळून घ्यावा, ती व्यापाराची जुनी शिस्त आहे. आणि कुणी चूक सांगायला आलं, तर त्याचं पुरतं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका. मला हे फार उशिरा जमलं.