आजारांना गोष्टीतल्या पात्रांची नावं का देतात? त्याचा रुग्णाला काही फायदा होतो का?

देतात, कारण नाव ठेवणारे डॉक्टर असतात आणि ते नाव डॉक्टरांच्याच लक्षात राहावं म्हणून ठेवलेलं असतं. रुग्णाला त्यातून फारसं काही मिळत नाही, हे माझं स्पष्ट मत. तुम्ही तुमच्या लेखात ॲलिस, ऑथेल्लो, पिकविक अशी आजारांना दिलेली नावं देऊन ‘किती सुंदर कल्पना’ असं लिहिलंत. त्यात परीकथेतली लांब केसांची रॅपंझेल नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या भाचीला रॅपंझेल सिंड्रोम झाला होता. केस उपटून गिळायची सवय लागली की पोटात त्यांचा गोळा होतो. बहुतेक वेळा हे मुलींमध्येच दिसतं. केस पचत नाहीत, गुळगुळीत असल्यामुळे पुढे सरकतही नाहीत. ते जठराच्या वळ्यांत अडकतात आणि त्यात अन्न मिसळत जातं. या गोळ्याची शेपटी लहान आतड्यात उतरली की त्याला हे नाव. १९६८ साली व्हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दिलं. शेपटी म्हणजे मनोऱ्यावरून खाली सोडलेली वेणी, अशी ती कल्पना.

ताईचं सासर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. पोरीचे केस कंबरेपर्यंत, घरात त्यांचं भारी कौतुक. चवथीला तिच्या वेणीत अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळायला आजी स्वतः बसायची. त्या आजीलाच पहिल्यांदा कानामागे केस विरळ झालेले दिसले. चाई पडली म्हणून माक्याचं तेल सुरू झालं. चाई पडते तिथे कातडी गुळगुळीत लागते. इथे बोट फिरवलं तर आखूड-लांब तुटलेले खुंट टोचत होते. मी ताईचं बोट धरून तिथून फिरवलं आणि म्हटलं, हे गळलेले नाहीत, ओढलेले आहेत. भावोजी म्हणाले, शॅम्पू बदला.

मग जेवण कमी झालं. दोन घास भात खाल्ला की पोट भरलं म्हणायची. उलट्या सुरू झाल्या, चेहरा पांढराफटक पडला. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं सिरप. शेवटी तिला आंघोळ घालताना ताईच्या हाताला पोटात वरच्या बाजूला काहीतरी घट्ट लागलं. मग सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि ऑपरेशन.

सर्जननी तो गोळा ट्रेमध्ये बाहेर आणून दाखवला. हुबेहूब जठराचा आकार, वर काळी चकाकी, आणि खाली वळत गेलेली शेपटी. वास असा की ताई उठून बाहेर गेली. सर्जन म्हणाले, मुलीचे केस सोनेरी असते तरी गोळा असाच काळा निघाला असता, पोटातल्या आम्लाने केस काळे पडतात.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात तिचं नावच रॅपंझेल झालं. ‘काय म्हणते आमची रॅपंझेल?’ असं येता-जाता प्रेमाने विचारायचे. पोर भिंतीकडे तोंड करून पडायची. भावोजींना मात्र ते नाव फार सोयीचं पडलं. नातेवाइकांना सांगायला एक दुर्मीळ इंग्रजी आजार मिळाला. मुलगी अभ्यासाच्या टेबलावर बसून केस उपटते आणि गिळते, हे वाक्य उच्चारावंच लागलं नाही. गोळा निघाला, आजार गेला. डिस्चार्जच्या कागदावर टाके, पथ्य, औषधं सगळं होतं. मनाबद्दल एक ओळ नव्हती.

माझा राग नावावर आहे तो यासाठीच. हे नाव गोळ्याचं आहे, आजाराचं नाही. केस उपटण्याच्या विकाराला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात. आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी १८८९ मध्येच हा शब्द दिला होता. तो विकार तसाच राहिला तर गोळा पुन्हा होऊ शकतो. आणि ग्रिम बंधूंच्या गोष्टीतली मुलगी केस तोंडात घालत नाही. बाराव्या वर्षी तिला मनोऱ्यात कोंडतात आणि तिच्या केसांना धरून दुसरेच वर चढतात. आमची मुलगी साधारण त्याच वयाची होती. तिला कोणी आणि कशात कोंडलं होतं, हे ऑपरेशन थिएटरपासून घरापर्यंत कोणीही विचारलं नाही.

ताईने ते विचारलं. भावोजी ‘वेड्यांच्या इस्पितळाची पायरी चढलीस तर उद्या हिचं लग्न कोण करणार’ म्हणत असताना ती मुलीला घेऊन बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात गेली. तिथे हात डोक्याकडे कधी जातो याची वही ठेवायला लावली, जाईल तेव्हा मूठ आवळून धरायला शिकवली, बोटांना दुसरं काम द्या म्हणून सांगितलं. आजीने केळीच्या दोऱ्यात अबोली गुंफायला शिकवली. वहीत सगळ्यात जास्त नोंदी संध्याकाळच्या होत्या, वडील अभ्यास घ्यायला बसायचे त्या वेळच्या. भावोजी हे वाचत असतील तर वाचू देत. ती वही ताईकडे अजून आहे.

आता तुमच्या बाकीच्या नावांबद्दल. पिकविक हे नाव तर चुकीच्या माणसाला चिकटलं आहे. डिकन्सच्या कादंबरीत सतत झोपणाऱ्या जाड्या पोराचं नाव ‘जो’ आहे, पिकविक नव्हे. १९५६ मध्ये बरवेल आणि सहकाऱ्यांनी लठ्ठपणामुळे श्वास अपुरा पडणाऱ्या रुग्णांसाठी ते नाव वापरलं आणि त्यांच्या वाट्याला चेष्टा आली. त्याहून वाईट लेडी विंडरमियर. फुप्फुसाच्या एका जंतुसंसर्गाला १९९२ मध्ये हे नाव दिलं, कारण म्हणे बायका लाजेने खोकला दाबतात. ऑस्कर वाइल्डच्या नाटकात ती बाई खोकतच नाही! आजारी असल्याचं सोंग करणाऱ्यांसाठी १९५१ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी दिलेलं मुनचाउसेन हे नाव एकदा फाइलवर लागलं की खरी कळ आली तरी विश्वास कोण ठेवणार?

गोष्ट खऱ्या माणसाला कशी गिळते ते आम्हा गोंयकारांना सांगायला नको. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस. संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्यात नसते, होणाऱ्याच्या मनात असते, हे त्याने पॅरिसमध्ये ठणकावून सांगितलं. जगाला तो ठाऊक आहे ड्यूमाच्या कादंबरीतला इटालियन कैदी म्हणून.

ॲलिसचं नाव मात्र मला मान्य आहे. आपला हात मोठा होतोय, आई लांब आणि छोटी दिसतेय, असं सांगणाऱ्या मुलाला घरचे खोटारडा ठरवतात. जॉन टॉड यांनी १९५५ मध्ये दिलेल्या या नावामुळे त्याला निदान बोट दाखवायला एक गोष्ट मिळते. अर्धशिशीत हे होऊ शकतं.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. वेणीचं टोक चघळणाऱ्या प्रत्येक मुलीच्या पोटात गोळा होत नाही, उगाच घाबरू नका. पण डोक्यावर तुटके खुंट, थोडं खाल्लं की पोट भरणं आणि वरच्या पोटात घट्टपणा हे तिन्ही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना केसांबद्दल आपणहून सांगा आणि सोनोग्राफी मागा. ऑपरेशन झालंच, तर मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय इस्पितळातून निघू नका, घरचा कर्ता पुरुष काहीही म्हणो.